कपाटातला पेला

"कापलं म्हणजे?"

"कापलं म्हणजे कापलं, बाई. कात्रीनं. एवढ्याशा कोंबाला काय करवत लागते?"

"मस्करी नको, मावशी. कधी कापलंत?"

"काल. शाळा सुटल्यावर. दरवर्षी तेव्हाच कापते."

"दरवर्षी?"

"कपाट उघडायचं असतं ना, त्याच्या आदल्या दिवशी. वरून जराशी माती सारली की कळत नाही. तुम्ही आज असं बोट खुपसाल हे मला काय ठाऊक? एकवीस वर्षांत कधी खुपसलं नाहीत."

चौथीचा वर्ग रिकामा झाला होता. फळ्यावर मंगळवारची तारीख होती आणि तिच्याखाली बाईंच्या टपोऱ्या अक्षरात सगळ्या वर्गानं एका सुरात सांगितलेलं वाक्य : कपाटातलं बी उगवलं नाही. शाळेच्या मावशी झाडू भिंतीला टेकवून उभ्या होत्या. बाई खिडकीपाशी उजेडाकडे तोंड करून. त्यांच्या डाव्या हातात मातीनं भरलेला प्लास्टिकचा पेला होता आणि उजव्या हाताच्या चिमटीत घेवड्याचं मूळ. पांढरं, बोटभर लांब, अंगावर बारीक तंतू फुटलेलं. वर पेरभर देठ, आणि तो देठ सपाट कापलेला.

"केवढं वाढलं होतं?"

मावशींनी मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत हात दाखवला. "एवढं. पांढरंफटक, वर दोन पिवळी पानं. दुखण्यातून उठलेल्या माणसासारखं. खिडकीतल्यांपेक्षा उंच मात्र."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुम्हाला."

"काय सांगू? पहिल्या वर्षी तुम्ही पोरांना विचारत होतात, अंधारात ठेवलं तर काय होईल, तुम्हाला काय वाटतं? मी दारात फरशी पुसत होते. तुम्ही विचारत होतात खरं, पण तुमच्या आवाजावरून शेंबड्या पोरालासुद्धा कळत होतं, काय व्हायला पाहिजे ते. आणि नवव्या दिवशी मी फिनेलची बाटली काढायला कपाट उघडते, तर हे ध्यान वर आलेलं. म्हटलं माझ्याच हातून काहीतरी झालं. दार नीट लागलं नसेल, उजेड शिरला असेल. उद्या चाळीस पोरं तुम्हाला हसणार. तुम्ही नवीन, त्यात तेव्हाच्या मोठ्या बाई तुमची चूक सापडायची वाट बघत बसलेल्या. म्हणून कापलं. पुढच्या वर्षी परत आलं, परत कापलं."

"खिडकीतले पण?"

"खिडकीतले काय?"

"त्यांनाही हात लावता तुम्ही?"

"सुकलेत तेवढ्यांनाच. सुट्टीत पाणी कोण घालणार? घरी पत्र्याच्या डब्यात वीसेक लावून ठेवते. सकाळी तुमच्या आधी येऊन मेलेलं काढायचं, जितं लावायचं. पोरं रडत नाहीत मग."

"रडू देत की. रडतील आणि का मेलं ते शोधतील."

"तुम्हीच रडला होतात, बाई. याच खिडकीत, रुमाल डोळ्याला लावून. सतरा पेले मेले होते त्या सोमवारी. मी कचरा भरता भरता बघितलं. पुढच्या खेपेला एकही मेला नाही, तर तुमचं तोंड असं फुललं होतं की काय सांगू. त्या तोंडासाठी मी इतकी वर्षं घेवडे भिजत घालतेय. आणि आज तुम्ही मला चोर पकडल्यासारखं विचारताय."

"मावशी, प्रयोग म्हणजे परीक्षा नाही हो. त्याला पास करायचं नसतं."

"मग करायचा कशाला?"

टोमणा नव्हता तो. मावशींना खरंच माहीत नव्हतं. बाईंनी ते मूळ टेबलावर ठेवलं. मावशींनी झाडू उचलला आणि त्या जरा जोरातच शेवटच्या बाकापासून झाडायला लागल्या.

*

शाळेत बाईंना सगळे का-बाई म्हणत. मुलं पाठीमागे म्हणत, बाकीच्या शिक्षिका तोंडावर. बाईंचे यजमान तर घरातसुद्धा म्हणत. ते घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचायचे आणि गल्लीत कोणी भेटलं की सांगायचे, "आमच्याकडे दूध उतू गेलं तर ओटा नंतर पुसतात. आधी का गेलं त्यावर चर्चा."

बाईंचे वडील शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. घरभर चाकं, स्प्रिंगा, सुया, आणि त्या सगळ्यावर एकच हुकूम : हात लावू नकोस. बाई नऊ वर्षांच्या असताना परीक्षेत प्रश्न आला, चंद्र केव्हा दिसतो? त्यांनी लिहिलं, रात्री दिसतो आणि कधीकधी दुपारी चार वाजता आमच्या गच्चीवरूनही दिसतो. गुरुजींनी त्यांना उभं केलं, उत्तर वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं आणि मग वर्गालाच विचारलं, "काय रे, चारला काय दिसतं?" वर्ग म्हणाला, "सूर्य." सगळे हसले. घरी आल्यावर ही मुलगी गच्चीवर गेली. चंद्र होता. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली. दाखवायला कोणी नव्हतं.

हे बाई प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या दिवशी सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "माझ्या वर्गात बघितलेल्याला कोणी हसायचं नाही."

पुढे विज्ञान शिकायचं होतं, पण दोन भावांचं झाल्यावर घरात त्यांच्यासाठी उरलं ते दोन वर्षांचं शिक्षिकेचं प्रशिक्षण. तेही त्यांनी मन लावून केलं. या शाळेत आल्या त्या वर्षी मुलींचे जुने संडास पाडायचं काम चाललं होतं. त्यातलं एक दार त्यांनी धुवून घेतलं, दोन मोडक्या बाकांवर आडवं टाकलं आणि वर्गाच्या मागच्या खिडकीखाली ठेवलं. ते 'बघायचं टेबल'. दाराची कडी तशीच होती. नवी मुलं आधी तासभर नुसती कडी सरकवत बसत. मग कोणीतरी मोठा भाऊ-बहीण सांगे की हे दार कुठलं आहे, आणि आठवडाभर सगळे नाक धरून प्रयोग करत.

टेबलावर हॅंगरचा तराजू, मेणबत्त्यांची टोकं, काचेच्या बरण्या, लोहचुंबक, मुंग्यांसाठी साखरेची पुडी. प्रत्येकाची एक वही आणि वहीत तीन रकाने : मला काय वाटतं, मी काय केलं, काय दिसलं. उत्तर सांगायला बंदी. कोणी म्हणालं, "बाई, लाकूड तरंगतं," की बाई विचारणार, "कोणी सांगितलं?" "पुस्तकानं" म्हटलं तर बादलीकडे पाठवणी. एकदा बुडतं-तरंगतंच्या तासाला कोणीतरी कार्यालयाची किल्ली बादलीत टाकली. मोठ्या बाई तासभर शोधत होत्या. त्या दिवशीच्या एका वहीत असं आहे : किल्ली बुडते. मोठ्या बाई ओरडतात. किल्ली तीनदा करून बघितली, मोठ्या बाई एकदाच.

मुख्याध्यापिकेची जागा बाईंना दोनदा चालून आली होती. दोन्ही वेळा नको म्हणाल्या, कारण मग वर्ग सुटला असता आणि वर्गाबरोबर टेबल.

या वर्षअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. त्यानंतर टेबलाचं काय, हे कोणी विचारलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. चौथीच्या पुढच्या बाईंना ती जागा सराव परीक्षांच्या बाकांसाठी हवी होती. दार भंगारात गेलं असतं. मग आताच्या मोठ्या बाईंनी, ज्या कधीकाळी नवशिक्या शिक्षिका म्हणून याच वर्गात बाईंच्या हाताखाली शिकल्या होत्या, मनावर घेतलं. त्यांनी शिक्षण कार्यालयाला फाईल पाठवली. कार्यालयाला पसंत पडलं तर हे टेबल टिकणार होतं आणि आसपासच्या सगळ्या शाळांमध्येही तसंच एकेक जाणार होतं. गुरुवारी साहेब बघायला येणार होते. कपाटाचा प्रयोग दरवर्षीचा, सगळ्यात देखणा, म्हणून मुद्दाम त्याच आठवड्यात लावला होता. प्रत्येक मुलाचा एक पेला खिडकीत पाणी घालून, शिवाय वर्गाचा एक खिडकीत कोरडा आणि एक पाणी घालून कपाटात. कपाट दहा दिवस उघडायचं नाही, हा बाईंचा नियम.

*

हा नियम सोमवारी, म्हणजे नवव्या दिवशी, एका मुलीनं मोडला.

तिला सगळे बारकी म्हणत. वर्गात सगळ्यात लहानखुरी, पहिल्या बाकावर बसूनही फळा बघायला मान उंच करणारी. मधल्या सुट्टीत ती वर्गात एकटी राहिली, कपाटाचं दार फटीएवढं उघडून तिनं आत बघितलं आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं : कपाटात रोप आलंय. पांढरं आहे. खिडकीतल्यापेक्षा उंच आहे. पानं पिवळी.

सुट्टीनंतर बाई वह्या बघत होत्या. गुरुवारी साहेब ह्याच वह्या चाळणार होते.

"हे काय लिहिलंयस?"

"दिसलं ते."

"कपाट उघडलंस?"

बारकीनं मान खाली घातली. "थोडंसंच."

"थोडंसं म्हणजे काय? नियम सगळ्यांना आणि तुला वेगळा?"

"बाई, पण आलंय. तुम्ही बघा ना."

बाईंपासून कपाट चार पावलांवर होतं.

"मी आता उघडलं तर उजेड आत जाईल आणि सगळ्यांचा प्रयोग वाया जाईल. अंधारात काहीही पांढरं दिसतं, माती पण पांढरी दिसते, कळलं? तू घाईत बघितलंस. खोड ते. उद्या सगळ्यांबरोबर नीट बघ आणि लिही."

"पण बाई..."

"बारके, खोडरबर कुठंय?"

तिनं खोडलं. परत दोनदा पुसलं, कागदाला फुगा आला.

मंगळवारी सगळा वर्ग कपाटापुढे जमला. बाईंनी नेहमीसारखं हळूच दार उघडलं, जादूगार उघडतात तसं. पेल्यात नुसती माती. मुलांनी आरोळी ठोकली. मागून कोणीतरी म्हणालं, "बारकी काल म्हणत होती उगवलंय." "थापाडी." "तिला स्वप्नात उगवलं असेल." सगळे हसले. बाईंनी हसणाऱ्यांना गप्प केलं नाही. त्या तेव्हा फळ्याकडे वळलेल्या होत्या आणि त्यांना आनंद झालेला होता.

"बारके, आता काय दिसलं?"

"काही नाही, बाई."

"मग लिही."

शाळा सुटल्यावर पेले आवरताना त्यांच्या मनात ते चार पावलांवरचं कपाट आलं असावं. कपाटातला पेला इतर वर्षी त्या तशीच माती ओतून टाकायच्या. आज बोट घातलं, आणि बोटाला काहीतरी अडकलं.

*

"एक विचारू?" बुधवारी सकाळी मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी कार्यालयाचं दार आधी लावून घेतलं होतं. "रागावू नका. तुम्हाला माहीत नव्हतं? बी अंधारातच रुजतं की. जमिनीखाली काय दिवा असतो?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला... म्हणजे कधी विचारच केला नाही तसा. तुमच्या हाताखाली होते तेव्हा बघितलं की उगवत नाही. डोळ्यांनी बघितलं."

"तेच."

"काय तेच?"

"मी पण एकवीस वेळा डोळ्यांनी बघितलं."

मोठ्या बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. बाईंनी घेतला नाही.

"ठीक आहे. उगवतं. उगवू दे. पण गुरुवारी नको. फाईल माझ्या सहीनं गेलीय, त्यात मी लिहिलंय की मुलं स्वतः निष्कर्ष काढतात. हे आत्ता बाहेर आलं तर टेबल गेलं, बाई. तुमच्यासाठी सांगतेय. पुढच्या वर्षी प्रयोग नीट करू. मावशींना मी बोलते."

"मावशींना काही बोलू नका. त्यांनी माझं तोंड बघून केलं."

"मग कोणाला बोलू?"

बाई उठल्या. "मलाच बोला. पण मधल्या सुट्टीनंतर, आत्ता माझा तास आहे."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी लोखंडी पेटी उघडली. दरवर्षीच्या निवडक दहा वह्या त्यात होत्या, कार्यालयाला दाखवायला म्हणून वर्षवार लावलेल्या. बाई एकेका वहीत कपाटाचं पान काढत गेल्या. अक्षर वेगळं, शाई वेगळी, कुठं चित्र काढलेलं, कुठं डाग, आणि वाक्य तेच. कपाटातलं बी उगवलं नाही. उगवले नाही. उगवलंच नाही.

मग एका पानावर त्यांचं बोट थांबलं. तिसऱ्या रकान्यात कागद खरबरीत होता. खोडलेला. त्यांनी वही उचलून खिडकीच्या काचेला लावली.

यजमान त्यांना न्यायला आले, तेव्हा त्या तशाच उभ्या होत्या. जमिनीवर वह्या पसरलेल्या.

"का-बाई, शाळेला कुलूप लागायची वेळ झाली. मावशी खाली किल्ल्या वाजवतायत."

"हे वाचा."

"चष्मा गाडीत राहिलाय."

"मग मी वाचते. इथं खोडलंय, पण पेन्सिल दाबून लिहिलेली आहे. पांढ, मग काहीतरी, मग दोन पानं. ही अकरा वर्षांपूर्वीची. ही बघा, ही त्याच्याही आधीची. लांब दोरीसारखं. एवढंच लागतं. सात सापडल्या आत्तापर्यंत."

"सात पोरांनी चोरून कपाट उघडलं? बरी आहेत की पोरं."

"उघडलं, बघितलं, लिहिलं. आणि खोडलं."

"घाबरली असतील. नियम मोडला म्हणून."

बाईंनी एक वही त्यांच्यापुढे धरली. खोडलेल्या जागेच्या बाजूला लाल शाईत बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, आणि ते वाचायला त्यांना चष्मा लागला नाही, कारण ते अक्षर ते तीस वर्षं घरातल्या प्रत्येक यादीवर बघत होते. नीट बघ. पुन्हा लिही.

यजमान बाकावर बसले. बाक लहान मुलांचा, त्यांचे गुडघे वर आले.

"अगं, तुझ्या लक्षात तरी आहे का हे?"

"नाही ना. कोण मूल होतं, तेही नाही. काही म्हणजे काही आठवत नाही."

"मग झालं तर. तीही विसरली असतील. मोठी झाली, कामाधंद्याला लागली. कोण घेवड्याचं लक्षात ठेवतंय?"

"मी चंद्राचं नाही विसरले."

 यजमानांनी खाली वाकून वह्या गोळा करायला घेतल्या. "वर्षवार लावू की कशाही?" असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "कशाही."

*

गुरुवारी साहेब आले. चांगला माणूस होता, पायातले बूट दारात काढून वर्गात आला. बरोबर एक तरुण बाई होत्या, मोबाइलवर सारखे फोटो काढणाऱ्या. साहेबांनी कडी सरकवून बघितली, हॅंगरच्या तराजूत स्वतःचं पेन तोललं. दार कुठलं आहे हे कळल्यावर ते मनापासून हसले. मोठ्या बाईंचा जीव भांड्यात पडला. मावशी दाराबाहेर उभ्या होत्या. बाईंची नजर गेली तेव्हा त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले, की आज मी कशाला हात लावला नाही.

"मग, कपाटात काय झालं, कोण सांगणार?" साहेबांनी विचारलं.

चाळीस हात वर. बारकीचा खाली.

बाईंना स्वतः बोलता आलं असतं. बोलायचं ठरवूनच त्या आल्या होत्या. पण ऐन वेळेला त्यांनी बारकीकडे बोट केलं. त्यांना वाटलं, तिनंच सांगावं, तिचंच आहे ते. असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

बारकी उभी राहिली. "कपाटातलं बी उगवलं नाही."

"शाब्बास," साहेब म्हणाले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "बारके, सोमवारी तुला काय दिसलं होतं?"

बारकीनं बाईंकडे बघितलं, मग साहेबांकडे, मग मोठ्या बाईंकडे.

"सोमवारी काही नाही."

"तू कपाट उघडलं होतंस ना? मी रागावणार नाही. सांग साहेबांना."

"नाही बाई. मी कपाट उघडलंच नव्हतं."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांना काही कळलं नाही. ते उगाच हसले.

मग बाईंनी सांगितलं. मुलांदेखत, उभ्यानं, एका दमात. बी अंधारात रुजतं. या कपाटातही दरवर्षी रुजत होतं. ते कापलं जात होतं, आणि मला कळलं नाही, कारण मला हवं तेच दिसत होतं. ज्या मुलांना खरं दिसलं त्यांना मी खोडायला लावलं. फाईलमध्ये लिहिलंय ते खरं नाही. मावशींचं नाव त्यांनी घेतलं नाही. मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

 साहेबांनी बाईंना हळूच बाजूला घेतलं, घरच्या माणसाला घेतात तसं.

"मनाला लावून घेऊ नका. रुजतं, बरोबर आहे, पाणी, हवा, ऊब असली की झालं. तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत. पण त्यानं काही अडत नाही."

"अडत नाही?"

"आम्ही संच करतोय ना. प्रत्येक शाळेला एक टेबल, तीन पेले, एक झाकणाचा डबा, कपाटाऐवजी. आणि प्रत्येक प्रयोगाबरोबर निष्कर्षाची छापील पट्टी. तज्ज्ञांकडून तपासून घेतलेली. मुलांनी प्रयोग करायचा आणि शेवटी ती पट्टी वहीत चिकटवायची. म्हणजे कोणाला काहीही दिसो, वहीत बरोबरच राहील. तुमचा हा गोंधळ पुन्हा कोणाच्याच वर्गात होणार नाही."

"आणि तिसरा रकाना?"

"तोच तर. तिथंच पट्टी."

तरुण बाई म्हणाल्या, "जरा टेबलाजवळ उभ्या राहता? पहिलं टेबल म्हणून पुस्तिकेत तुमचा फोटो घालू." मोठ्या बाईंनी येऊन बाईंचा हात दाबला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. टेबल वाचलं होतं. बाई कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि फोटो निघाला.

*

शाळा सुटताना बाईंनी बारकीला थांबवून घेतलं. बाकीचे जिन्यावरून धडधडत गेले. बारकी दप्तर पाठीवर अडकवून टेबलापाशी उभी राहिली.

"माझी आई वाट बघते."

"एकच मिनिट. ही तुझी वही. आणि हे माझं पेन. पेन्सिल नको. सोमवारी जे लिहिलं होतंस ते परत लिही."

बारकीनं वही उघडली. फुगलेल्या कागदावर मंगळवारचं वाक्य होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"बाई, तुम्हाला कोणतं हवंय?"

"मला हवंय ते नको."

"मग साहेबांना हवंय ते?"

"कोणालाच हवंय ते नको, बाळा. तुला दिसलं ते. तू बरोबर होतीस. मी मूळ बघितलंय, माझ्या हातानं काढलं. तू लिहिलं होतंस ते खरं होतं."

"तुम्ही म्हणता म्हणून?"

"नाही. तू बघितलंस म्हणून."

"पण मी बघितलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

"चुकले मी."

बारकीनं पेन हातात घेतलं. टोपण काढलं, निबेकडे बघितलं.

"आता चुकला नाहीत कशावरून?"

 खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. बाई बाकावर बसल्या, बारकीच्या डोळ्यांना डोळा भिडेल इतक्या खाली.

"बरं, वही राहू दे. लिहू नकोस. मला नुसतं सांग, बाकी कोणाला कळणार नाही. तू दार उघडलंस, आत बघितलंस. उगवलं होतं की नाही?"

बारकीनं पेनाला टोपण लावलं. पेन वहीवर ठेवलं, वही मिटली आणि ती टेबलाच्या कडेला, घसरणार नाही अशी, नीट सरकवली. दप्तराचा पट्टा खांद्यावर वर घेतला. दारात तिच्या चपला होत्या. एक उलटी पडलेली होती, ती तिनं पायानंच सरळ केली.

"बारके."

बाहेर मावशींनी फरशी पुसायला घेतली होती. त्यांनी बादली बाजूला ओढून वाट दिली, आणि बारकी ओल्या फरशीवरून, भिंतीला धरून, जिना उतरून गेली.